शेवट न सांगता

प्रिय तरुण मित्रास,

सप्रेम सलाम. मंडळीतल्या वाचकांना उत्कंठावर्धक ख्रिस्ती कादंबऱ्या सुचवण्याचे काम तू हाती घेतले आहेस, हे तुझ्या पत्रातून कळले आणि मनापासून आनंद झाला. मात्र ‘ख्रिस्ती आहे, चांगली आहे, वाचा’ एवढ्या शिफारशीवर कोणी पुस्तक हाती धरत नाही. या कादंबऱ्यांत खून कोणी केला, हा प्रश्न बहुधा दुय्यम असतो. कोंडीत सापडलेल्या माणसाचा विश्वास टिकेल की तुटेल, या काळजीने आपण पाने उलटतो. ती काळजी वाचकाच्या मनात एका-दोन वाक्यांत उभी कर आणि तिथेच थांब.

ग्रॅहम ग्रीन यांची ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ (१९४०) घे. १९३० च्या दशकात मेक्सिकोतील तबास्को राज्यात चर्चना कुलुपे लागली होती आणि धर्मगुरूंवर लग्न करण्याची सक्ती होत होती; तिथे दारूच्या आहारी गेलेला एक धर्मगुरू पोलिसांना चुकवत गावोगाव हिंडतो, अशी ही कथा आहे. राज्यात दारूबंदी असल्यामुळे मिस्साबलीसाठी, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या मुख्य विधीसाठी, लागणारा द्राक्षारस तो चोरून विकत घेतो. सोबत ब्रँडीही घेतलेली असते, पण विकणाऱ्याला रीत म्हणून पेला देऊ करावा लागतो आणि तो नेमका द्राक्षारसच पसंत करतो. पेल्यामागून पेला भरला जातो, बाटली रिकामी होत जाते आणि आपण कोण आहोत हे सांगण्याची सोय नसल्यामुळे धर्मगुरू नुसता पाहत राहतो. तिथे बंदूक नाही, पाठलाग नाही, तरी ती पाने वाचताना माझ्या तळहातांना घाम फुटला होता. शिफारस करताना असा एखादाच प्रसंग सांगावा. त्या धर्मगुरूचे पुढे काय झाले, हे कोणी कितीही विचारले तरी सांगू नये.

शुसाकु एंडो यांची ‘सायलेन्स’ (१९६६) याहून जड आहे. आपल्या गुरूने छळापुढे ख्रिस्ताला नाकारले, ही बातमी खरी न वाटून एक पोर्तुगीज जेझुइट (येशूसंघाचा) धर्मगुरू सतराव्या शतकातील जपानमध्ये चोरून उतरतो, जिथे संशयितांना ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावले जात असे. नुकतीच आई गेलेल्या एका तरुणाला मी हे पुस्तक उत्साहाने दिले, आणि देवाच्या मौनाविषयीची ती पाने त्याला सोसली नाहीत. पुस्तक निवडण्याआधी मी त्याची विचारपूस करायला हवी होती. तू ती करत जा.

फ्रँक पेरेटी यांची ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’ (१९८६) तरुण संघात हातोहात फिरेल. एका लहान गावातील चर्चचा पाळक आणि एक पत्रकार यांच्या धडपडीमागे देवदूत व दुरात्मे यांचे युद्ध चाललेले त्यात दिसते. देताना एवढे अवश्य सांग की ही कल्पित कथा आहे, पवित्र शास्त्राचे विवरण नव्हे. नाहीतर काही वाचक शेजाऱ्याशी झालेल्या भांडणातही सैतान शोधू लागतात.

टेड डेकर यांच्या ‘थ्री’ (२००३) विषयी फार बोलायची गरजच नाही. धर्मशिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याला गाडीत फोन येतो: तीन मिनिटांत आपले पाप कबूल कर, नाहीतर गाडी उडवून देईन. कोणते पाप, हे त्याला उमगत नाही. एवढे पुरे.

बाबा पदमनजींनी १८५७ मध्येच ‘यमुनापर्यटन’ लिहून श्रद्धा आणि कादंबरी यांची मराठीत गाठ घालून दिली, म्हणून असल्या वाचनाला परके मानणाऱ्यांपुढे तू संकोचू नकोस. (ती रहस्यकथा नव्हे, विधवांच्या दुःखाची कथा आहे.)

तू ज्यांच्याविषयी लिहिलेस त्या निवृत्त शिक्षिकाबाईंना आधी ग्रीन दे. त्यांना घाई नाही आणि त्या प्रत्येक ओळ तोलून वाचतील. कॉलेजातल्या त्या मुलाला ‘थ्री’ दे, पण परीक्षा झाल्यावर. त्याचे वाचून झाले की मला कळव. त्याच्याशी शेवटाबद्दल बोलायला मी उत्सुक आहे.

तुझा,
एक जुना वाचक