ॲगाथा ख्रिस्तीच्या पॉयरो या गुप्तहेराच्या कथा आधी वाचाव्यात की त्याच्यावरची टीव्ही मालिका आधी बघावी?

‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ (१९२६) तरी आधी वाचाच. गावातला डॉक्टर ही गोष्ट सांगतो आणि ती कागदावरच खरी रंगते. पडद्यावर निम्मी मजा जाते. का, ते सांगितलं तर तुम्ही मला शिव्या घालाल.

बाकी डेव्हिड सुशे पॉयरो झालाय ती मालिका (१९८९ ते २०१३, ७० भाग) बिनधास्त आधी बघा. त्याची ती तुरुतुरु चाल आणि मिशांची निगा एकदा पाहिली, की पुढे पुस्तकातला पॉयरोही त्याच्याच आवाजात बोलायला लागतो. माझं तरी तसंच झालं. फक्त ‘कर्टन’ अगदी शेवटी ठेवा, वाचायलाही आणि बघायलाही. ती पॉयरोची अखेरची केस आहे.

आणि पडद्यावर शेरलॉक होम्स बघायचा असेल, तर जेरेमी ब्रेट या नटाने केलेलाच.