राजाबाई टॉवरखालच्या जुन्या ग्रंथालयासाठी दिशाफलक आणि बोधचिन्ह करायचं आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मुंबई विद्यापीठाचं फोर्टमधलं ग्रंथालय घेतलंय, बोधचिन्हाची तीन रेखाटनं तयार आहेत आणि तिन्हींत टॉवर आहे. ती रेखाटनं महिनाभर बाजूला ठेवा. मी बरीच वर्षं फलकांचं काम करते, दुसऱ्या एका जुन्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचंही केलंय. त्यावरून सांगते.

आधी दोन दिवस वही घेऊन दारातल्या शिपाईमामांशेजारी बसा. आमच्या इथे मामांना दिवसभर चारच गोष्टी विचारल्या जायच्या: बॅग कुठे ठेवू, पुस्तक परत कुठे करू, अभ्यासाला कुठे बसायचं आणि बाथरूम कुठे आहे. भिंतीवरचे फलक मात्र 'उपग्रंथपाल', 'तांत्रिक विभाग', 'देवघेव विभाग' असे. 'देवघेव' हा ग्रंथालयात रुळलेला चांगला शब्द आहे, पण पहिल्या वर्षाला नुकत्याच आलेल्या मुलीला तो कसा कळावा? आम्ही वर ठळक 'पुस्तक घ्या, परत करा' लिहिलं आणि 'देवघेव विभाग' खाली लहान अक्षरांत ठेवलं. कपाटांच्या टोकांचंही तेच. नुसता ८९१.४६ हा पुस्तकांचा वर्गांक लिहून भागत नाही, त्याच्या आधी 'मराठी साहित्य' हवं. ग्रंथपाल एस. आर. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. फलक लिहिताना मला तेवढं एक सूत्र पुरतं.

बाणाच्या बाबतीत माझी एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. जिन्यासमोर मी 'वाचनकक्ष' लिहून सरळ वर टोक असलेला बाण काढला होता. मला म्हणायचं होतं, जिना चढा. मुलांनी वाचलं, सरळ जा. जिन्याच्या बाजूलाच हिशेबाच्या कचेरीचं दार होतं, त्यातून ती आत शिरायची आणि तिथल्या बाईंना पन्नासदा 'वर, वर' म्हणावं लागायचं. मग बाण जिन्याच्या चढासारखा तिरका केला आणि 'पहिला मजला' हे शब्द जोडले. प्रश्न मिटला.

आता तुमची इमारत. इंग्रज वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी भारतात पाऊल न ठेवता हिचे आराखडे केले. १८६९ मध्ये पायाभरणी झाली, १८७८ मध्ये बांधकाम पूर्ण झालं. टॉवर सुमारे ८५ मीटर उंच, दगड कुर्ल्याचा, फिकट पिवळसर. ही पहिल्या श्रेणीची वारसा वास्तू आहे आणि २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतल्या समूहात मोडते. तेव्हा दगडाला भोक पाडायचा विचारही नको. फलक शक्यतो जमिनीवर उभे राहणारे, जड बुडाचे करा. टांगणं अगदीच अटळ असेल तर दोन दगडांमधल्या सांध्यात, तेही वारसा समितीची परवानगी घेऊन. उद्या फलक काढला तर तिथे काही होतं हे कळता कामा नये. आणि पितळेला चकाकी देऊ नका. रंगीत काचांच्या खिडक्यांतून ऊन आलं की चकचकीत पत्र्यावरचं अक्षर पार दिसेनासं होतं.

टॉवरला नाव दिलंय ते व्यापारी प्रेमचंद रायचंदांच्या आईचं, देणगी प्रेमचंदांची. राजाबाईंना दिसत नव्हतं आणि सूर्यास्ताआधी जेवायचा नेम पाळायला टोल ऐकून वेळ कळावी म्हणून घड्याळ उभारलं, अशी गोष्ट सांगतात. ती खरी असो वा दंतकथा, राजाबाईंच्या नावाच्या इमारतीत ब्रेल नसलेला फलक मला तरी लावता येणार नाही. दारापाशी, हाताला लागेल अशा उंचीवर, उठावाची अक्षरं आणि ब्रेल दोन्ही द्या.

अक्षराकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. मराठी आणि इंग्रजीला एकच पॉइंट साइज दिला की मराठी बारीक दिसते, कारण तिची बरीचशी उंची वेलांट्या, मात्रा आणि उकारांत जाते. म्हणून शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची मोजून जुळवा आणि ओळींत मोकळी जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत किंवा अनुस्वारात अडकतो. 'दुर्मीळ ग्रंथ' हे दोन शब्द एकाखाली एक लिहून बघा, लगेच कळेल. मुक्तासारखा मोफत फाँट सुरुवातीला पुरेसा आहे.

ओळख मला इथेच सापडते, टॉवरच्या आकृतीत नाही. टॉवर मुंबईच्या निम्म्या पोस्टकार्डांवर आहे. पण ज्या दशकात या इमारतीचा पाया घातला गेला, त्याच दशकात जावजी दादाजी याच शहरात देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, ओतत होते. त्यांच्या निर्णयसागर छापखान्याच्या त्या खिळ्यांनी छापलेलं एखादं जुनं पुस्तक मिळवा, भिंगाखाली धरा, 'ग्रं' हे एकच अक्षर काढून बघा. जाड-बारीक रेघेचं ते वळण इमारतीच्या टोकदार गॉथिक कमानीशेजारी किती सहज बसतं, हे बघून मला फार आनंद झाला होता.

फलक कारागिराकडे देण्याआधी सगळे कागदावर, खऱ्या मापात छापून चिकटपट्टीने पुठ्ठ्याच्या स्टँडवर लावा आणि आठवडाभर पुन्हा मामांशेजारी बसा. ज्या फलकावरून नजर फिरवूनही मुलं मामांकडे वळतील, तो काढून दुसऱ्या दिवशी नव्या शब्दांत लावा.