पिल्ले चांगल्या घरी निघाली, मुलगी मात्र रडते आहे

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. शहराबाहेरच्या एका गोठ्यात मांजराची तीन पिल्ले आईवाचून सापडली, तेव्हा तिथल्या टियरहाइमने, म्हणजे प्राण्यांच्या आश्रयगृहाने, ती काही आठवड्यांसाठी तिच्याकडे सांभाळायला दिली. रात्री उठून उठून तिने त्यांना बाटलीने दूध पाजले. आता ती मोठी झाली आहेत. एक पिल्लू एका कुटुंबाने नेले असून उरलेली दोघे लवकरच दुसऱ्या एका घरी जायची आहेत. मुलगी रोज फोनवर रडते, आणि त्यातले लहान पिल्लू ठेवून घेऊन शिक्षण संपल्यावर सोलापूरला आणायचे म्हणते. तिचे वडील म्हणतात, एवढा जीव लावायलाच नको होता. परदेशातल्या एकटेपणामुळे ती यात गुंतली असावी, अशी मलाही काळजी वाटते. तिला काय सांगावे?
— एक आई, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : तुमच्या यजमानांची माया मला समजते, पण जीव न लावता हे काम होत नाही, हे त्यांना अवश्य सांगा. आई नसलेल्या तान्ह्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी खास पिल्लांसाठीचे दूध कोमट करून, पोटावर ठेवूनच पाजावे लागते, कारण उताणे धरून पाजल्यास दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्याला स्वतःहून लघवीही करता येत नाही. आई चाटते तसे ओल्या मऊ कापडाने पुसून ती करवावी लागते. शिवाय वजन वाढते आहे की नाही, हे रोज पाहावे लागते. त्याहून महत्त्वाचे असे की, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसाचा हात आणि आवाज ओळखीचा झाला, तर ते पुढे माणसांत निर्धास्तपणे राहते. नाही तर बहुधा बुजरेच राहते. आज एक कुटुंब या पिल्लांना घरी न्यायला तयार आहे, ते तुमच्या मुलीने त्यांना मांडीवर घेऊन वाढवले म्हणून. आपल्याकडे मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे म्हणतात. या पिल्लांच्या नशिबी आईचे तोंडही राहिले नाही, तेव्हा एक सुरक्षित घर त्यांना तुमच्या मुलीने दिले.

एकटेपणाचा यात वाटा असेलही. परक्या भाषेत दिवसभर शिकून, हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमारासच अंधारून येणाऱ्या गावात रिकाम्या खोलीवर परतणाऱ्या मुलीला तिची वाट पाहणारे कोणी मिळाले, तर तिचा जीव जडणारच, आणि त्यात मला काही वावगे दिसत नाही. तिचे रडणे आठवडा-दोन आठवडे चालले, तर चालू द्यावे. मात्र जेवण-झोप बिघडून ती तासांनाही जाईनाशी झाली, तर तिथल्या विद्यार्थी-कल्याण संस्थांकडे समुपदेशनाची सोय असते, तिचा लाभ घेण्यास तिला आग्रहाने सांगा.

पिल्लू ठेवून घ्यावे का, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो पिल्लाच्या बाजूने पाहावा, असे माझे मत आहे. घरात राहणारे मांजर पंधरा वर्षे आणि कधी त्याहून अधिक जगते. तुमच्या मुलीचे पुढचे गाव, नोकरी, घर यांपैकी आज काहीच ठरलेले नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१३ साली भाडेकरारातली कुत्र्या-मांजरांवरची सरसकट बंदी अवैध ठरवली. तरी त्यामुळे मांजर ठेवण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, घरमालकाची आणि शेजाऱ्यांची बाजूही पाहिली जाते. मला स्वतःला सर्वांत जास्त खुपते ते हे की, दोन भावंडे एकत्र एका घरी जात असताना त्यांतले एक काढून घ्यायचे. घरातच वाढणाऱ्या पिल्लाला दुसऱ्या पिल्लाची सोबत फार मोलाची असते, आणि ती माणसाला, कितीही माया असली तरी, पुरवता येत नाही.

सोलापूरला आणणे अशक्य नाही, पण वाटते तितके सोपेही नाही. परदेशात सलग दोन वर्षे राहून कायमचे परतणाऱ्या व्यक्तीला सामानासोबत जास्तीत जास्त दोन पाळीव प्राणी आणण्याची मुभा आहे. केवळ सुट्टीत येणाऱ्याला ती नाही. त्यासाठी केंद्र सरकारच्या प्राणी संगरोध (क्वारंटाइन) विभागाचा ना-हरकत दाखला, तिथल्या सरकारी पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र आणि रेबीजची लस लागते. ही लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. तिकीट काढण्यापूर्वी त्या विभागाच्या मुंबई कार्यालयाकडून नियमांची खात्री करून घ्यावी. विमानानंतर मुंबईहून सुमारे ४०० किलोमीटरचा प्रवास आहे, आणि थंड देशात वाढलेल्या मांजराला आपला मे महिन्याचा ४२ अंशांचा उन्हाळा सोसावा लागेल. मुलीला पुन्हा जर्मनीत नोकरी लागली, तर त्याला परत नेण्यासाठी रेबीजविरोधी प्रतिपिंडांची रक्तचाचणी लागते, आणि ती जर्मनी सोडण्यापूर्वीच करून घेतली नसेल, तर रक्त दिल्यापासून पुढे तीन महिने थांबावे लागते. एवढा खटाटोप ज्या मांजराला दुसरे कोणीच नाही त्याच्यासाठी मी आनंदाने सुचवला असता. या पिल्लाची वाट पाहणारे घर मात्र तयार आहे.

तेव्हा तिला "विसरून जा" असे म्हणू नका. पिल्लांची नावे विचारा, फोटो मागवा, कोणते खोडकर आणि कोणते भित्रे, हे तिच्याकडून ऐका, आणि तिच्या वडिलांनाही फोनवर बसवा. नव्या कुटुंबासाठी तिने पिल्लांच्या सवयी, खाण्याच्या वेळा आणि आवडीनिवडी लिहून द्याव्यात आणि आपल्या खोलीतले एक वापरलेले फडकेही सोबत द्यावे, कारण ओळखीच्या वासामुळे नव्या घरात पिल्ले लवकर रुळतात. अधूनमधून खुशाली कळवाल का, असे त्या कुटुंबाला विचारण्यातही काही गैर नाही. एवढे सर्व जाणूनही तिने ठेवून घ्यायचेच ठरवले, तर एकाऐवजी दोघांनाही सांभाळणे जमेल का, हे आधी पाहावे, घरमालकाची लेखी संमती घ्यावी आणि आश्रयगृहाला लगेच कळवावे. कारण त्या कुटुंबाने करारावर सही केल्यानंतर हा निर्णय तिच्या हाती राहणार नाही.