‘आता ते उकरून काय मिळणार?’

‘मॅडम, तीस वर्षं झाली. आता ते उकरून काय मिळणार?’ लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल हा प्रश्न माझ्याकडे उपचारांसाठी येणाऱ्या फार जणी विचारतात. त्यातल्या एका बाईंबद्दल लिहिते आहे, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

त्या आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. दाराजवळची खुर्ची धरली, पर्स मांडीवर घेतली आणि तासभर तिची चेन उघडत-लावत राहिल्या. मुलगी नऊ वर्षांची झाल्यापासून मागून कुणी हाक मारली तरी छातीत धस्स व्हायचं. घरचे म्हणायचे, नाटकं आहेत. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या अशाच त्रासाला १९८० साली मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत ‘पीटीएसडी’ (मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) हे नाव मिळालं. घरात भोगलेल्या बाईला मात्र अजूनही ‘नाटकी’च म्हणतात, याचा मला मनापासून राग येतो.

चौथ्या भेटीत त्या म्हणाल्या, ‘मीही नऊ वर्षांची होते.’ घरातलाच माणूस, सगळे ज्याला मान देत. आईला सांगायला गेल्या, तर आईने त्यांच्याच तोंडावर हात ठेवला.

‘पण मी ओरडले का नाही?’ तीस वर्षं हेच त्यांना खात होतं. मी सांगितलं, भीती टोकाला गेली की शरीर गोठतं. हात उचलत नाही, आवाज फुटत नाही. हे कुणी ठरवून करत नाही, मोठ्या माणसांचंही असंच होतं. त्या बराच वेळ गप्प होत्या. चेनवरचा हात थांबला होता.

उकरण्याचं म्हणाल, तर ते मुलीच्या वाढदिवसापासून आपोआपच वर येत होतं. आम्ही घाई केली नाही. पाय जमिनीवर टेकवायचे, समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, श्वास सावकाश सोडायचा, यातच कित्येक आठवडे गेले. बोलणं त्यानंतर, आणि तेही त्यांना झेपेल तेवढंच.

‘माझ्याच वाट्याला का?’ असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा सांगितला: लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं दर ५ बायकांपैकी एक सांगते. त्या म्हणाल्या, ‘मग इतक्या आयांनी तोंडावर हात ठेवला?’

त्या माणसाला घरच्या प्रत्येक कार्यक्रमाला अजून बोलावतात. यंदा त्या गेल्या नाहीत, आणि विचारणाऱ्यांना खरं कारण सांगितलं. काहींनी बोलणं टाकलं. एका चुलत बहिणीचा मात्र रात्री उशिरा फोन आला. ती बराच वेळ नुसती रडत होती, आणि यांनी फोन ठेवला नाही.