मुलाच्या लग्नाला पाच लाखांचं लोन काढू का? वसईच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. वसईचं कॅथलिक कुटुंब, मिस्टर 54 वर्षांचे, प्रायव्हेट नोकरी, 58 ला रिटायर होणार, पगार हातात 58 हजार, घरखर्च 41 हजार, एफडी साडेसहा लाख, आणि जानेवारीत मुलाचं लग्न. ताईंचं बजेट 11 लाख, हजार माणसं, बँड, आदल्या दिवशीचा मांडव वेगळा, त्यासाठी एफडी मोडून वर पाच लाखांचं पर्सनल लोन. मिस्टरांचं म्हणणं एकदम उलटं, नुसती मिस्सा (चर्चमधला लग्नाचा प्रार्थनाविधी) आणि चहा-केक, आणि लग्नाचे वाचलेले पैसे चर्चच्या गरीब फंडाला. ताई विचारतात की ख्रिस्ती माणसाने बेताने राहावं असं प्रवचनात नेहमी ऐकतो, पण इथे तो बेत धरायचा कुठे?

लोन काढू नका, हे पहिलं. पाच लाख, 14 टक्के, पाच वर्षं, हप्ता येतो साधारण 11,634, म्हणजे जवळजवळ दोन लाख नुसतं व्याज. पण मला व्याजापेक्षा तारखेची जास्त काळजी वाटते, कारण मिस्टरांचा पगार राहिलाय चार वर्षं आणि हप्ता चालणार पाच वर्षं, शेवटचं वर्ष पीएफच्या पैशातून भरणार का? आणि एफडी पण जवळजवळ शून्य झालेली असणार, तेव्हा मध्येच कोणाला ॲडमिट करावं लागलं तर सोनं गहाण टाकण्याशिवाय हातात काहीच नाही. बुरूज बांधायला घेण्याआधी बसून खर्चाचा हिशोब कर, हे लूकच्या शुभवर्तमानात येशूनेच सांगितलंय, ते हिशोबाचं काम मी फक्त कॅल्क्युलेटरवर केलं.

आता मिस्टर. त्यांची तळमळ मला पटते, मार्ग नाही. येशूचा पहिला चमत्कारच काना गावच्या लग्नात झाला, द्राक्षारस संपला तर त्याने सहा रांजण भरून दिले, जेवणावळ बंद करा असं काही सांगितलं नाही. आणि दुसरं म्हणजे हे पैसे म्हणजे म्हातारपणाची एकमेव एफडी आहे, ती दान करून उद्या पोराच्या पगारावर बसायचं याला मी तरी साधेपणा म्हणणार नाही. कमाईचे दहा टक्के चर्चला द्यायची सक्ती आज कॅथलिक चर्चमध्ये नाही, बायबलमधल्या पत्रात संत पौलाने पण प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत नको, एवढंच लिहिलंय. चर्चला महिन्याला हजार देताय ना, ते चालू ठेवा.

मग किती? 11 लाखाचं निम्मं असं नाही, तो नवरा-बायकोमधला तह झाला. खालून मोजत या. सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे अडीच लाख, एफडीतच राहू दे, त्याला हातच लावायचा नाही. उरले चार लाख. जानेवारीला आठ महिने आहेत, महिन्याचे 17 हजार शिल्लक राहतात त्यातले पाच रिटायरमेंटच्या एसआयपीत जाऊ देत, 12 साठवा, ते झाले 96 हजार. मुलगा 32 हजार कमावतो असं तुम्हीच लिहिलंय, त्याने लाखभर घालायला काय हरकत आहे? "त्याला कसं सांगू" हे मी प्रत्येक आईकडून ऐकते, अहो लग्न त्याचंच आहे, सांगा. असे झाले सहा लाख, ही तुमची वरची रेघ.

सहा लाखात बसवायचं तर बँडवाल्याशी घासाघीस करून काही होत नाही, यादी कापावी लागते. 550 च्या प्लेटने हजार माणसांचे साडेपाच लाख होतात, साडेचारशे माणसांचे अडीच लाखाच्या आत. मला माहितीये वसईत माणसं कापणं म्हणजे काय असतं, अख्खी आळी, भावकी, मिस्टरांचे कंपनीवाले, आणि ज्यांच्याकडे आपण जेवून आलो ते सगळे. आणि त्यावर "आहेरात निघतं हो" हे ठरलेलं वाक्य. निघत नाही. आहेराचं पाकीट हे उसने पैसे असतात, त्यांच्या घरच्या लग्नात तुम्हाला ते परत घालायचेच असतात, म्हणून मी आहेर बजेटमध्ये धरतच नाही. येशूने सांगितलं होतं की जेवण घालताना परत बोलावतील अशा श्रीमंत शेजाऱ्यांना नको, ज्यांना परतफेड जमत नाही त्यांना बोलवा. तेव्हा मिस्टरांचं मन राखायचं तर यादीतली एक पंगत त्यांच्या हातात द्या, धर्मग्रामातली (आपल्या चर्चच्या हद्दीतली) जी कुटुंबं कोणाच्या यादीत नसतात त्यांची. प्लेटच्या हिशोबाने 50 माणसांचे साडेसत्तावीस हजार, साडेचारशेतच धरा.

हॉलचं एक. आगमनकाळात (नाताळाआधीचे चार आठवडे) आणि उपवासकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) आपल्याकडे लग्नं सहसा होत नाहीत, त्यामुळे सगळी गर्दी जानेवारीत आणि ईस्टरनंतर, आणि रेट पण तसेच. शनिवार-रविवार सोडून मधला वार चालत असेल तर हॉलवाल्याला दोन्हींचा भाव विचाराच. मांडव ठेवा, घरच्यांपुरता. दारूचं कॉन्ट्रॅक्ट कॅटररला देऊ नका, स्वतः आणा, आणि किती ते आधी ठरवा.

एफडी मोडताना बँकेत विचारा की अर्धवट मोडता येते का, नाहीतर पूर्ण मोडून अडीच लाखाची नवीन करावी लागेल आणि मुदतीआधी मोडल्याचं व्याज कापलं जाईल. आणि ॲडव्हान्स देण्याआधी कॅटररकडून प्लेटचा आकडा शेवटचा कधीपर्यंत बदलता येईल ते लेखी घ्या.