मीडियामुळे मुलींना स्वतःचं शरीर आवडेनासं होतं का? आईने काय करावं?

तुमची मुलगी १९ वर्षांची, दिवसभर रील्स बघते, 'मी जाडी आहे' म्हणून रडते, हे सगळं लिहून झाल्यावर शेवटी तुम्ही हळूच लिहिलंय, 'मीसुद्धा तिला सांगतेच की भात कमी कर.' त्या एका वाक्यासाठी उत्तर लिहायला बसले.

परिणाम होतो का, तर होतोच. फिजी बेटांवरच्या नाड्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. तोवर तिथे अंगाने भरलेल्या बाईचं कौतुक असायचं, आपल्याकडे 'खात्यापित्या घरची' म्हणायचे तसं. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ साली शाळेतल्या मुलींना विचारलं. वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी आधी एकही नव्हती, तीन वर्षांनी ११.३ टक्के निघाल्या. इन्स्टाग्रामच्या कंपनीचे आतले कागद २०२१मध्ये फुटले, त्यातही होतं की ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल वाईट वाटतं, त्यातल्या ३२ टक्के जणींना इन्स्टामुळे ते जास्तच वाटतं.

मी नारायण पेठेत २६ वर्षं ब्लाऊज शिवते. पूर्वी बायका मासिकातलं कात्रण आणायच्या आणि गळ्यावर बोट ठेवायच्या. आता पोरी मोबाईल पुढे करतात आणि बोट कमरेवर असतं. लक्ष्मी रोडवर दुकानातल्या पुतळ्याच्या मागे जाऊन बघा एकदा, पाठीला टाचण्या आणि चिमटे लावून कापड ताणलेलं असतं. फोटोतल्या मॉडेललाही तसंच करतात. हे मी प्रत्येकीला सांगते. त्या हसतात आणि म्हणतात, "काकू, कंबरेत थोडं दाबून घ्या ना."

आता माझ्या भाचीचं सांगते. साखरपुड्याचा ब्लाऊज होता, पैठणीतलाच पीस. मापं घेताना टेप कमरेला गेली की ती श्वास रोखून धरायची. "सोड गं," म्हटलं, तर सोडेना. समोर स्टुलावर ताई वही घेऊन बसलेली. मी छाती ३८ सांगितली. ताई म्हणाली, "३६ लिहिते. दीड महिना आहे, तेवढी बारीक व्हायलाच हवी. ब्लाऊज घट्ट असला की आपोआप हुरूप येईल." पोरगी आईच्या तोंडाकडे बघत होती. मोबाईल पर्समध्ये होता.

मी ३८चाच बेतला. आत दोन्हीकडे दीड दीड इंच माया, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जादा कापड, ठेवली, पैठणीचं कापड पुन्हा मिळत नाही. साखरपुड्याला हूक लागले, मुंढ्यात काचला नाही, पोरगी दोन घास जेवलीसुद्धा. आणि कार्यालयाच्या स्वयंपाकघरात ताई माझ्यावर उखडली, मी म्हणे तिची पोरगी लाडावून ठेवते. तेव्हापासून प्रत्येक कार्यात तिचं एकच, "ह्या इन्स्टाने पोरींचं वाटोळं केलं."

हे मला पटत नाही, आणि तुमच्या प्रश्नातही मला तेच ऐकू आलं. आमच्या लहानपणी फक्त दूरदर्शन होतं. तरी आई ताईला भर उन्हात बाहेर सोडायची नाही, काळवंडशील म्हणून. स्थळांच्या जाहिरातीत 'गोरी, सडपातळ' तेव्हाही छापून यायचं. म्हणजे मीडिया होताच, फक्त घरचे तो मोठ्याने वाचून दाखवायचे. ताईला चार ठिकाणी रंगावरून नकार आला होता, तेव्हा ती किती रडली होती ते मी पाहिलंय. आणि तीच मुलीच्या ताटातली दुसरी पोळी उचलते.

तर तुम्ही मोबाईल काढून घेऊ नका, ती मैत्रिणीच्या फोनवर बघेल. तिच्या ताटावर बोलणं बंद करा. आणि स्वतःच्या पोटावर हात मारून "शी, किती सुटलंय" म्हणणंही, कारण तेही ती ऐकत असते. पाहुण्यांसमोर 'जरा अंगाने आहे' म्हणणाऱ्या आत्याबाईला तिथल्या तिथे गप्प करा. ताईला हे मी सांगायला हवं होतं, तेव्हा जमलं नाही.

अर्थात मी शिंपीण आहे, डॉक्टर नाही. मुलगी जेवण चुकवत असेल, जेवून लगेच बाथरूमला जात असेल, पाळी थांबली असेल, तर हे असले सल्ले वाचत बसू नका, डॉक्टरकडे न्या. वजनाचा खरंच त्रास असेल तर तेही डॉक्टरच सांगतील. आणि ताई वाईट नाही, हेही लिहायला हवं.

गेल्या दिवाळीत ती स्वतःचा जुना ब्लाऊज घेऊन आली. म्हणाली, "धुऊन धुऊन आटलाय, जरा सैल करून दे." मी काही न बोलता माया उसवून दिली. शिलाईचे पैसे मात्र घेतले.