दारू न पिणाऱ्याने कोबेमधलं साकेचं संग्रहालय बघावं का?

हो, नक्की जा. साकेचा, म्हणजे तांदळापासून केलेल्या जपानी दारूचा, थेंबही न घेता तिथे तासभर मजेत जातो. जपानमधल्या कोबे शहराच्या नादा भागातलं हाकुत्सुरू या साके कंपनीचं संग्रहालय म्हणजे तैशो काळात (१९१२-२६) बांधलेला जुना साके कारखानाच आहे. तांदूळ धुणं, वाफवणं, त्यावर कोजी नावाची बुरशी वाढवणं, आंबवणं, गाळणं हा सगळा क्रम जुनी अवजारं आणि माणसाएवढे पुतळे मांडून दाखवलाय. लाकडी पिंपं तर माणसापेक्षा उंच! माझ्या मते कोजीचा भाग सावकाश बघावा. वाइनच्या द्राक्षांत साखर मुळातच असते, तांदळात नसते. ही बुरशी स्टार्चची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. (आपल्याकडे साकेला ‘जपानी वाइन’ म्हणतात, पण धान्यापासून होत असल्याने ती बिअरच्या जास्त जवळची.) प्रवेश मोफत आहे आणि हानशिन रेल्वेच्या सुमियोशी स्थानकापासून चालत जाता येतं.  हे मुख्यतः जुन्या पद्धतीचं प्रदर्शन आहे. सोबतच्या कोणाला चव घ्यायची असेल तर वय किमान २० हवं, आणि नंतर गाडी चालवायची नाही.